गिरगावच्या विहिरी, परळची प्रयोगशाळा आणि गप्पी मासा

धागा थोडा लांब आहे. पण मुंबईतील विहिरी बुजवल्या का गेल्या आणि ज्या उरल्या त्यांत इवलासा मासा कुठून आला, हे एका दमात सांगण्यासारखे नाही.

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महानगरपालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी विहिरी, कारंजी आणि पडीक हौद शोधत फिरतात. जिथे पाणी काढून टाकता येत नाही, तिथे ते बोटाच्या पेराएवढे मासे सोडतात. अवघा महाराष्ट्र या माशाला ‘गप्पी’ म्हणतो. गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात त्याच्या पैदाशीचा हौद असतो, शाळेच्या भिंतीवर ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ अशा धर्तीच्या घोषणा रंगवलेल्या असतात.

नाव इतके घरगुती आहे की हा मासा पाण्याखाली गप्पा मारीत असावा असे वाटावे. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी हे त्रिनिदाद बेटावर राहणारे निसर्गअभ्यासक. त्यांनी तिथल्या ओढ्यांतले मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाठवले आणि आल्बर्ट ग्युंथर या मत्स्यतज्ज्ञाने १८६६ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ माशाचे नाव ‘गिरार्डिनस गप्पी’ असे ठेवले.

गंमत अशी की हे नाव शास्त्रात टिकले नाही. विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून त्याच माशाचे वर्णन १८५९ मध्येच केले होते. पहिल्या नावाला मान, हा प्राणिशास्त्राचा नियम; म्हणून आज त्याचे अधिकृत नाव ‘पोसिलिया रेटिक्युलाटा’. ‘पोसिलिया’ ही प्रजाती १८०१ पासून शास्त्राला ठाऊक आहे; शब्दाचे मूळ ग्रीक, अर्थ रंगीबेरंगी. मत्स्यालयांच्या दुकानांत मिळणारे मॉली मासेही याच प्रजातीचे. शास्त्राने आडनाव पुसले, लोकांनी मात्र ते जपले, आणि मराठीने तर ते आपलेच करून टाकले.

दक्षिण अमेरिकेच्या ओढ्यांतला हा मासा मुंबईच्या विहिरीत का हवा झाला, हे समजून घ्यायचे तर आधी विहिरींकडे वळले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरी आणि तलावांच्या पाण्यावर जगत होते. आज ज्यांची केवळ नावे उरली आहेत ते धोबी तलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक हे खरोखरीचे तलाव होते. गिरगाव तर वाड्यांचे गाव. फणसवाडी, कांदेवाडी, खोताची वाडी, खेतवाडी ही नावेच सांगतात की इथे आधी बागा होत्या, माणसांची दाटी नंतर झाली. बाग म्हटली की विहीर आली, विहिरीवर रहाट आला. पुढे माडांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या, तरी विहीर चाळीच्या मागच्या अंगणात राहिलीच.

१८५४ साली पाऊस कमी झाला आणि शहराची तहान सरकारच्या लक्षात आली. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने बेटावर आले. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. पाठ्यपुस्तकांत ही प्रगतीची सरळ रेषा असते: आधी विहीर, मग नळ. प्रत्यक्षात नळ आला म्हणून विहीर गेली नाही. ती आंघोळीला, देवपूजेला, बागेला, गुरांना आणि नळ रुसला की स्वयंपाकालाही उपयोगी पडत राहिली. पुष्कळ घरांत नळाच्या पाण्याचा विटाळ मानला जाई, कारण तोटीच्या आत चामड्याची चकती असे. सोवळ्याला विहिरीचेच पाणी.

एका शहरात पाण्याच्या दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदू लागल्या. एक पालिकेची, दुसरी घरमालकाची आणि देवाची. पुढचा सारा वाद या दुसऱ्या व्यवस्थेवर हात टाकण्याचा अधिकार कोणाला, यावरचा आहे.

आता डासाकडे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवीच्या अवस्था दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी डासामार्फत होणाऱ्या संसर्गाचे चक्र पूर्ण उलगडले. तोवर हिवताप म्हणजे दलदलीची दूषित हवा, अशी समजूत होती. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘वाईट हवा’. आता शत्रू दिसू लागला. त्याचबरोबर त्याचे घरही दिसू लागले: साचलेले पाणी.

सगळे डास मात्र सारखे नसतात. शहरात हिवताप पसरवणारा डास नेमका कोणता, याचा माग काढणाऱ्यांत विल्यम ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टराचे नाव आधी घ्यावे लागते. १९०१ मध्ये त्याने वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथील नमुन्यांवरून एका नव्या डासाचे वर्णन केले आणि जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स या सहशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला ‘अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी’ म्हटले. अमरावती जिल्ह्यातल्या एका गावातून जगाला ओळख झालेला हा डास पुढे मुंबईच्या हिवतापाचा मुख्य आरोपी ठरला.

लिस्टन परळला काम करीत असे. परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस १८९९ पासून प्लेगच्या प्रयोगशाळेला मिळाले होते. वाल्डेमार हाफकिनची लस तिथे तयार होई, आणि तीच संस्था १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे सिद्ध करण्याच्या कामातही लिस्टनचा मोठा वाटा होता. पिसू आणि डास या दोन क्षुद्र किड्यांनी मुंबईचा आरोग्य-इतिहास किती घडवला, हे पाहायचे असेल तर परळच्या या इमारतीएवढी योग्य जागा नाही.

१९०८ च्या सुमारास मुंबई बंदरात हिवतापाची मोठी साथ आली. अलेक्झांड्रा डॉकचे, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकचे, बांधकाम चालू होते. हजारो मजूर, खोदकाम, साचलेले पाणी. लिस्टनने या साथीवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. पाठोपाठ सरकारने चार्ल्स बेंटली या हिवताप-तज्ज्ञाला शहराची पाहणी करायला सांगितले. त्याचा अहवाल १९११ चा आहे.

बेंटलीच्या अहवालातील निष्कर्ष मुंबईकरांना विचित्र वाटला असल्यास नवल नाही. स्टीफेन्सी डासाला गटार आवडत नाही. त्याला हवे असते स्वच्छ, निवांत, सावलीतले पाणी. म्हणजे नेमकी विहीर! ज्या पाण्याची घरातली माणसे सर्वांत अधिक निगा राखत, जिथे फुले वाहत, दिवा लावत, तेच पाणी शहराला तापाने आजारी पाडत होते. घाण म्हणजे रोग ही शिकवण लोकांच्या गळी उतरवायला पालिकेला कित्येक वर्षे लागली होती. आता तीच पालिका सांगू लागली की स्वच्छ पाणीही घातक असते.

उपाय सरळ होता. विहिरी बुजवा, नाहीतर डास आत-बाहेर करू शकणार नाही अशा बेताने घट्ट झाका. कायद्याचे हत्यार हाताशी होते. १८८८ च्या पालिका अधिनियमातील ३८१ वे कलम डासांच्या पैदाशीबाबत नोटीस बजावण्यासाठी आजही वापरले जाते; सोसायटीच्या सूचनाफलकावर कधी ‘३८१ ची नोटीस’ लागलेली दिसली तर तिची वंशावळ बरीच जुनी आहे. पालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. जॉन टर्नर यांच्या काळात ही मोहीम जोमाने सुरू झाली.

आणि शहर अडून बसले.

या विरोधाकडे ‘अडाणी जनता विरुद्ध विज्ञान’ अशा चष्म्यातून पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा. विरोध करणाऱ्यांत शहरातील सुशिक्षित, धनिक आणि पालिकेत वजन असलेली माणसे होती. पारशी समाजाचेच पाहा. चर्चगेटजवळ भिखाजी बेहराम यांनी १७२५ मध्ये खोदलेली विहीर आजही पूजली जाते. समुद्र इतका जवळ असून तिचे पाणी गोड. आवां महिन्यात तिथे दिवे लागतात, पोळ्यांचा आणि फुलांचा नैवेद्य होतो. अग्यारीतील विधींना लागणारे पाणी सूर्यप्रकाश पडणाऱ्या विहिरीचेच असावे, असा आग्रह आहे. घट्ट झाकलेली विहीर ही त्यांच्या दृष्टीने मेलेली विहीर. गिरगाव-भुलेश्वरातील गुजराती वैष्णवांचा आणि मराठी ब्राह्मणांचा आक्षेप वेगळ्या शब्दांत, पण तोच होता: देवाच्या पाण्याला ऊन-वारा लागला पाहिजे, आणि ते पोहऱ्याने काढता आले पाहिजे.

शिवाय खर्च कोणाचा? झाकण मालकाने करायचे, दुरुस्ती मालकाने, दंडही मालकाने. नळाचे पाणी मोजून आणि पट्टी भरून मिळत होते, विहिरीचे फुकट. आरोग्याच्या नावाखाली आपले पाणी काढून घेऊन पालिका आपल्यालाच पाणी विकू पाहते, अशी शंका कोणा घरमालकाला आली असेल तर तिला मूर्खपणा म्हणता येत नाही.

या वादातून एक पुस्तकही जन्मले. रुस्तम पेस्तनजी मसानी हे त्या काळी पालिकेचे सचिव होते. पुढे ते पालिकेचे आयुक्त झाले. विहिरी बंद करण्याच्या मोहिमेत लोकांच्या ज्या कहाण्या त्यांच्या कानी आल्या, त्या त्यांनी गोळा केल्या. विहिरीत राहणारे पीर, देवी, जलदेवता; विहीर बुजवली म्हणून घरावर ओढवलेली संकटे. १९१८ मध्ये त्यांचे ‘फोकलोर ऑफ वेल्स’ प्रसिद्ध झाले. एकाच कार्यालयातून एका हाताने विहिरी बंद करण्याच्या नोटिसा निघत होत्या आणि दुसऱ्या हाताने त्याच विहिरींच्या लोककथा लिहून ठेवल्या जात होत्या. मुंबईच्या सरकारी इतिहासात असा हृद्य प्रसंग क्वचितच सापडेल.

शेवटी तडजोडी झाल्या. काही विहिरी बुजल्या, काहींवर फरशी पडली, काहींच्या झाकणाला बारीक तारेच्या जाळीची झडप ठेवून पाणी काढण्याची सोय केली गेली.

पण एक तिसरी वाटही होती. पाणी उघडे राहील, ऊन लागेल, पोहरा बुडेल, आणि तरीही डास जन्मणार नाही. त्यासाठी विहिरीत कोणीतरी पहारेकरी हवा होता.

कोकणातल्या माणसाला ही कल्पना नवी नव्हती. विहिरीत कासव किंवा मासे सोडले की पाणी चांगले राहते, हे घरोघर ठाऊक होते. शास्त्राने त्याची दखल घेतली ती १९१२ मध्ये. सिमोर सीवेल आणि बी. एल. चौधरी या दोघांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमतर्फे, डासांच्या अळ्या खाणारे म्हणून खात्रीशीर ठरलेल्या भारतीय माशांवर एक पुस्तिका काढली. ‘भारतीय’ हा शब्द अधोरेखित करावा असा आहे. त्यात गप्पी नव्हता. त्यात आपल्याच ओढ्या-नाल्यांतले मासे होते, आणि त्यांत एक प्रमुख नाव होते ‘अ‍ॅप्लोकायलस’ या प्रजातीचे; त्या काळच्या पुस्तकांत ‘हॅप्लोकायलस’.

या प्रजातीचे मुंबईशी असलेले नाते फारसे कोणाला ठाऊक नसते. तिच्यातील ‘अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस’ या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन अकिल व्हालेन्सिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४६ मध्ये केले, तेच मुळी मुंबईच्या नमुन्यांवरून. बोटभर लांबीचा मासा, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, डोक्यावर चमकदार टिकली. तोंड वरच्या बाजूला वळलेले, कारण त्याचे अन्न पाण्याच्या पृष्ठभागावर असते. अ‍ॅनोफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडून श्वास घेते. म्हणजे शिकार जिथे असते, तिथेच शिकाऱ्याचे तोंड!

मग मुंबईचा हा मासा सोडून त्रिनिदादचा पाहुणा का निवडला गेला? यात साहेबाच्या परदेशी वस्तूंच्या हौसेचा भाग नसेलच असे नाही, पण खरे कारण व्यवहाराचे आहे. अ‍ॅप्लोकायलसची मादी पाणवनस्पतींवर थोडी थोडी अंडी घालते. दगडी विहिरीत वनस्पती कुठून आणायच्या? हा मासा उड्या मारण्यात पटाईत, आणि भूक लागली तर पिल्लेही खातो. गप्पीची मादी अंडी घालत नाही. ती साधारण महिनाभराने पोहती पिल्ले जन्माला घालते. एकदा समागम झाला की शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते. डबाभर पाण्यातून एकच मादी नेऊन सोडली तरी वंश सुरू होऊ शकतो. पाणी गढूळ, प्राणवायू कमी, तरी तो तग धरतो. थंडी त्याला सोसत नाही, पण मुंबईत थंडी असते कुठे?

सरकारी खात्याला हवा असलेला मासा हाच: मागणीप्रमाणे पैदास होणारा, बादलीतून नेता येणारा, फारशी निगा न मागणारा. गप्पी १९१० च्या सुमारास भारतात आला असे मानले जाते. १९२८ मध्ये त्याचा दूरचा भाऊबंद गॅम्बुसिया इटलीहून आणला गेला. गॅम्बुसिया अधिक खादाड आणि अधिक भांडखोर. आज जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परकीय जातींच्या प्रसिद्ध यादीत त्याचे नाव आहे.

इथे एक आडवळण घेण्याचा मोह आवरत नाही. परदेशी माशांची अशी आयात होऊन गेल्यावर, १९४० मध्ये चं. वि. कुलकर्णी या मराठी मत्स्यशास्त्रज्ञाने मुंबई प्रांताच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यातून एका अगदी नव्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन-तीन सेंटीमीटरचा, जवळपास पारदर्शक जीव. कुलकर्ण्यांनी त्यासाठी नवी प्रजातीच नव्हे, नवे कुलही स्थापले. सुंदरलाल होरा आणि मुंबईच्या मत्स्यखात्याचे डॉ. सेटना यांच्या नावांवरून त्याला ‘होराइक्थिस सेटनाय’ म्हटले गेले. (आज तो ‘ओरायझियास’ प्रजातीत गणला जातो.) त्याच्या नराला गप्पीच्या नरासारखेच समागमाचे अवयवरूप पर असते, तरी मादी मात्र अंडी घालते. त्रिनिदादचा मासा विहिरीत पोहोचला होता, आणि दाराशी असलेल्या माशाला अजून नावसुद्धा नव्हते.

विहिरीत सोडलेल्या गप्पीने काम केले का? केले, आणि नाहीही केले. पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाला शंभराच्या आसपास अळ्या खाऊ शकतो. पण विहिरीतले मासे पोहऱ्यातून वर येतात. विहीर उपसली की मरतात. निर्माल्य, पाने, कागद यांचा थर साचला की अळ्यांना त्याखाली लपायला जागा मिळते. अळ्या संपल्या आणि दुसरे अन्न नसले की मासेही संपतात, पण डास पुन्हा येतो. अंड्यापासून डास व्हायला मुंबईच्या उष्म्यात आठ-दहा दिवस पुरतात. थोडक्यात, मासा सोडला म्हणजे काम झाले असे नाही, दर आठवड्याला कोणीतरी विहिरीत डोकावले पाहिजे. ज्या वाडीत विहीर वापरात होती तिथे असे डोकावणारे कोणीतरी असे. जी विहीर झाकणाखाली विस्मृतीत गेली, तिचे झाकण तडकले तरी कोणाला कळत नसे.

डास तोवर जिन्याने वर चढला होता. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापावर नवा अहवाल लिहिला. त्यात स्टीफेन्सीच आरोपी होता. विहिरींच्या जोडीला आता पाण्याच्या टाक्याही महत्त्वाच्या झाल्या होत्या. नळाचे पाणी ठरावीक वेळ येते, म्हणून गच्चीवर टाकी. टाकीत पाणी स्वच्छ, निवांत, सावलीतले. विहिरीला पर्याय म्हणून आलेल्या नळाने डासाला दर इमारतीवर एक विहीर बांधून दिली. टाकीत मासा सोडणे पिण्याच्या पाण्यामुळे अडचणीचे; तिथे घट्ट झाकण हाच उपाय, आणि झाकण उघडे टाकण्याची मुंबईकरांची सवय शंभर वर्षांत फार बदललेली नाही.

लालबाग-परळच्या गिरण्यांची गोष्ट निराळी. वाफेच्या इंजिनांना थंड पाणी लागे, म्हणून गिरण्यांच्या आवारात तळी खोदलेली असत. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारातील तळे आजही आहे. अशा उघड्या, खोलगट, वनस्पती वाढू देणाऱ्या तळ्यांत मासे नीट जगतात. गिरणी चालू असे तोवर तळ्याची देखभाल होई, कारण पाणी थांबले तर यंत्र थांबे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मासा एकाएकी जुनाट ठरला. डी.डी.टी. आले. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड आणि कारवारकडच्या भागांत फवारणीचे जे काम उभे केले, त्याच्या यशाने देश दिपला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याच्या नावातील ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आले. १९६५ पर्यंत देशातील रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. विहिरीत मासे सोडणे हे आता आजोबांच्या काळचे काम वाटू लागले असेल.

मग डास औषधाला दाद देईनासा झाला, पैसा आटला, शिस्त सैल पडली. १९७६ मध्ये देशात चौसष्ट लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. १९७१ मध्ये सुरू झालेल्या शहरी हिवताप योजनेचा भर फवारणीपेक्षा पाण्यातील अळीवर होता. गप्पीचे दिवस पुन्हा आले.

या मधल्या काळात गप्पी मात्र स्वस्थ बसला नव्हता. विहिरीतून, हौदातून, पुराच्या पाण्यातून तो गटारांत उतरला आणि तिथेच स्थायिक झाला. परळ-लालबागच्या चाळींतील मुलांच्या कित्येक पिढ्यांनी रुमालाने किंवा चहाच्या गाळणीने गटारातले गप्पी पकडून काचेच्या बरणीत ठेवले आहेत. १९५१ मध्ये चर्नी रोडला तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याचे उद्घाटन केले. तिकीट काढून पाहायचे मासे तिथे होते, फुकटचे मासे गल्लीत. नराच्या शेपटीवरचे निळे-केशरी ठिपके पाहून भांडणारी मुले नकळत ‘पोसिलिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ लावीत होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. या धाग्यापुरते एवढेच, की गिरण्या थांबल्या तेव्हा त्यांची तळी, हौद, छपरांवरच्या पन्हळी यांची देखभालही थांबली. फाटकाला कुलूप लागले, आत पाणी साचत राहिले. पुढे त्याच जमिनींवर टॉवर उठू लागले. पायाचे खड्डे, ताज्या काँक्रीटच्या स्लॅबवर मुद्दाम भरून ठेवलेले पाणी, लिफ्टच्या विहिरी, आणि जागेवरच राहणारे परगावचे मजूर. २००९-१० मध्ये मुंबईत हिवतापाची मोठी साथ आली तेव्हा बांधकामांच्या या जागा चर्चेच्या केंद्रस्थानी होत्या. १९०८ च्या अलेक्झांड्रा डॉकचे वर्णन वाचून मग हे वाचावे. तारखा झाकल्या तर फरक सांगणे अवघड जाईल.

शास्त्राचा आजचा कौल गप्पीबाबत सावध आहे. अळ्या खाणारे मासे सोडल्याने माणसांतील हिवताप खरोखर किती कमी होतो, याचा भरवशाचा पुरावा नाही, असे २०१७ मध्ये अद्ययावत झालेल्या कॉक्रेन आढाव्यात म्हटले आहे. नैसर्गिक ओढ्यांत परके मासे सोडू नयेत, असे पर्यावरणाचे अभ्यासक बजावतात. चहूबाजूंनी बांधलेल्या विहिरीपुरता आणि हौदापुरता मात्र गप्पी अजून कामाचा मानला जातो. पालिकेचा कर्मचारी गिरगावच्या एखाद्या वाडीत येतो, पळीने पाणी काढून अळ्या शोधतो, नसल्या तर वहीत खूण करतो.

अचलपूरच्या डासाचा प्रवासही थांबलेला नाही. २०१२ मध्ये स्टीफेन्सी आफ्रिकेत जिबूतीला आढळला, तिथून इथिओपियात शिरला. आफ्रिकेतील हिवताप मुख्यतः खेड्यांचा. शहरी टाक्यांत वाढणारा हा डास तिथे नवा. १९११ मध्ये बेंटलीला मुंबईत पडलेले प्रश्न आता तिथल्या शहरांना पडत आहेत.

आणि ज्या माशाला मुंबईच्या नमुन्यांवरून नाव मिळाले, त्या अ‍ॅप्लोकायलस लिनिएटसचे काय झाले? कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत तो अजून पृष्ठभागालगत घिरट्या घालतो. डोक्यावरच्या टिकलीमुळे काठावरून चटकन दिसतो. हौशी मत्स्यपालकांनी त्याचा एक पिवळाधमक वाण तयार केला आहे. ‘गोल्डन वंडर’ या इंग्रजी नावाने तो जगभरच्या मत्स्यालयांच्या दुकानांत विकला जातो. टाकीवर झाकण ठेवा, नाहीतर उडी मारून बाहेर पडेल, अशी सूचना दुकानदार आवर्जून देतात.